डायलिसिस पुरेसे होत आहे का, हे कसे तपासावे

महिन्याच्या तपासणीचा कागद हाती आला की बहुतेकांची नजर आधी क्रिएटिनिनवर, म्हणजे स्नायूंतून रक्तात येणाऱ्या टाकाऊ पदार्थावर, जाते. डायलिसिसपूर्वी ते ९ होते आणि नंतर ४ झाले, म्हणजे डायलिसिस चांगले झाले, असे समजून कागद फाइलमध्ये ठेवला जातो. ही समजूत चुकीची आहे. क्रिएटिनिन प्रत्येक डायलिसिसनंतर खाली येतेच, आणि त्याची पातळी रुग्णाच्या अंगातील स्नायूंवरही अवलंबून असते. डायलिसिसपूर्वीचे क्रिएटिनिन महिन्यागणिक उतरत असेल तर ती मूत्रपिंडे सुधारल्याची खूण असण्यापेक्षा स्नायू झिजल्याची खूण असण्याची शक्यता बरीच असते.

दुसरी चूक थोड्या जाणकार मंडळींची आहे. ते डायलिसिसने रक्त किती साफ झाले हे सांगणारा ‘केटी बाय व्ही’ हा आकडा शोधतात, तो १.२ च्या वर दिसला की निश्चिंत होतात, आणि तो कोणत्या रक्तावरून, किती मिनिटांच्या डायलिसिसवरून निघाला हे विचारत नाहीत. पुढील टप्पे मुद्दाम ठरावीक क्रमाने दिले आहेत. मिनिटे आणि रक्ताचे नमुने यांची खात्री झाल्याशिवाय आकड्याकडे वळू नये, आणि आकडा चांगला आला तरी पाणी, इतर तपासण्या आणि रुग्णाची प्रकृती पाहिल्याशिवाय डायलिसिस पुरेसे आहे असे म्हणू नये.

टप्पा १. वही तयार ठेवा

प्रत्येक डायलिसिसची नोंद रुग्णाच्या स्वतःच्या वहीत हवी. केंद्रातील कागद केंद्रातच राहतात आणि अडचण येते तेव्हा मागील तीन महिने एकत्र पाहायला मिळत नाहीत. वहीत तारीख, सुरू झाल्याची व संपल्याची वेळ, आधीचे व नंतरचे वजन, दोन्ही वेळचा रक्तदाब, काढलेले पाणी, बहुतांश वेळ चाललेला रक्तप्रवाह म्हणजे ब्लड फ्लो, आणि मध्ये काही घडले असल्यास ते लिहावे. पायात गोळे आले, रक्तदाब उतरला, यंत्र थांबवावे लागले, सुई दुसऱ्यांदा टोचावी लागली, हे सारे ‘काही घडले’ या रकान्यात येते.

वजन नेहमी एकाच काट्यावर आणि शक्यतो सारख्याच कपड्यांत करावे. एका काट्यावर आधीचे आणि दुसऱ्यावर नंतरचे वजन केले, तर काढलेल्या पाण्याचा हिशेब पहिल्याच पायरीवर बिघडतो.

*पडताळणी:* आधीच्या आणि नंतरच्या वजनातील फरक यंत्राने काढलेल्या पाण्याशी साधारण जुळला पाहिजे. मध्ये खाणेपिणे झाले असेल किंवा सलाईन दिले असेल, तर तेवढा फरक पडणारच. फरक वारंवार आणि मोठा येत असेल, तर काट्यापासून शोध सुरू करावा.

टप्पा २. प्रत्यक्ष चाललेली मिनिटे मोजा

‘केटी बाय व्ही’ या नावात तीन गोष्टी आहेत. के म्हणजे डायलायझर, अर्थात यंत्राला जोडलेली रक्त गाळणारी नळी, दर मिनिटाला किती रक्त युरिया या टाकाऊ पदार्थापासून पूर्णपणे मोकळे करतो ते प्रमाण, टी म्हणजे वेळ आणि व्ही म्हणजे युरिया ज्यात पसरलेला असतो ते शरीरातील पाणी. समजा ६० किलो वजनाच्या रुग्णाच्या शरीरात सुमारे ३३ लिटर पाणी आहे आणि डायलायझर मिनिटाला २०० मिलिलिटर रक्त साफ करतो. चार तासांत, म्हणजे २४० मिनिटांत, ४८ लिटर साफ होईल, आणि ४८ भागिले ३३ म्हणजे सुमारे १.४५. आता त्यातली २० मिनिटे गेली, तर आकडा १.३३ वर येतो. ४० मिनिटे गेली, तर १.२१ वर.

ही मिनिटे कोणाच्या लक्षात न येता जातात. रुग्ण उशिरा पोहोचतो, सुई टोचायला वेळ लागतो, यंत्राचा गजर वाजत राहतो आणि तेवढा वेळ डायलिसिसचे द्रावण डायलायझरला वळसा घालून जाते, रुग्णाला शौचाला जायचे असते, पुढच्या पाळीचा रुग्ण बाहेर बसलेला असतो, आणि शेवटी रुग्णच म्हणतो, ‘आज पंधरा मिनिटे आधी सोडा.’ दर वेळी अर्धा तास कमी पडला आणि डायलिसिस आठवड्यातून तीनदा असेल, तर वर्षभरात ७८ तास बुडतात. चार तासांची एकोणीसहून अधिक डायलिसिसे झालीच नाहीत, असा त्याचा अर्थ होतो.

म्हणून खुर्चीत किंवा खाटेवर किती वेळ घालवला हे न मोजता रक्त आणि द्रावण दोन्ही डायलायझरमधून वाहत असलेला वेळ मोजावा. यंत्राच्या पडद्यावर उरलेला वेळ दिसतो, आणि कितीदा खंड पडला ते वहीत लिहिता येते.

*सावधान:* तपासणीच्या दिवशी पूर्ण चार तास आणि एरवी साडेतीन तास अशी सवय असेल, तर अहवालातला आकडा त्या एका दिवसाचा आहे. उरलेल्या दिवसांविषयी तो काहीही सांगत नाही.

टप्पा ३. रक्ताचे दोन नमुने नीट घेतले जात आहेत का, ते पाहा

सर्वांत जास्त गफलत या टप्प्यात होते, आणि ती बहुतेक वेळा रुग्णाला खोटा दिलासा देणाऱ्या बाजूने होते. म्हणून येथे घाई करू नये.

दोन्ही नमुने एकाच दिवशीच्या, एकाच डायलिसिसचे असले पाहिजेत, आणि ते एकाच प्रयोगशाळेत एकत्र गेले पाहिजेत. काही प्रयोगशाळा ‘युरिया’ देतात, तर काही ‘ब्लड युरिया नायट्रोजन’, म्हणजे ‘बीयूएन’. हे दोन वेगळे आकडे आहेत. बीयूएनला २.१४ ने गुणले की युरिया मिळतो. आधीचा आकडा युरियाचा आणि नंतरचा बीयूएनचा घेतला, तर डायलिसिस अफाट चांगले झाल्याचे दिसेल.

पहिला नमुना डायलिसिस सुरू होण्यापूर्वी घ्यावा. सुई टोचल्यावर सलाईन किंवा हेपॅरिन हे रक्त गोठू न देणारे औषध आत जाण्याआधीच रक्त घेतले पाहिजे. मानेत किंवा छातीवर कॅथेटर, म्हणजे मोठ्या शिरेत घातलेली नळी, असेल, तर त्यात भरून ठेवलेले द्रव आणि त्यापाठोपाठचे थोडे रक्त आधी बाहेर काढावे लागते, नाहीतर नमुना पातळ होतो.

दुसऱ्या नमुन्याची रीत बारकाईने समजून घ्यावी. ठरलेला वेळ संपत आला की पाणी काढणे बंद केले जाते आणि द्रावणाचा प्रवाह बंद किंवा अगदी कमी केला जातो. रक्ताचा पंप मिनिटाला १०० मिलिलिटरपर्यंत हळू करून सुमारे १५ सेकंद थांबतात, आणि मग आर्टिरियल लाइनच्या, म्हणजे शरीराकडून यंत्राकडे रक्त नेणाऱ्या नळीच्या, नमुना घेण्याच्या जागेतून रक्त घेतात. हे १५ सेकंद महत्त्वाचे आहेत. पंप वेगात असताना नुकतेच साफ होऊन परतलेले रक्त फिस्टुलातच, म्हणजे डायलिसिससाठी हातातील धमनी शिरेला जोडून केलेल्या जागेतच, फिरून पुन्हा नळीत येऊ शकते, आणि मग शरीरातील रक्ताऐवजी यंत्राने नुकतेच धुतलेले रक्त तपासले जाते.

याहून मोठी चूक म्हणजे सलाईनने नळ्यांतले रक्त शरीरात परत ढकलल्यावर नमुना घेणे. हिशेब करून पाहा. ६० किलोच्या रुग्णाचा डायलिसिसपूर्वीचा युरिया १४० आहे आणि नंतरचा खरा युरिया ५५. चार तासांत अडीच लिटर पाणी काढले आहे. खरा ‘केटी बाय व्ही’ सुमारे १.१३ येतो, म्हणजे अपुरा. त्याच नमुन्यात पाचवा हिस्सा सलाईन मिसळले, तर युरिया ४४ दिसेल आणि आकडा १.३९ होईल. उपचार कमी पडत असलेला रुग्ण कागदावर उत्तम ठरतो आणि त्याची अडचण पुढच्या महिन्यावर जाते.

उलट चूकही होते. डायलिसिस संपल्यावर अर्धा-पाऊण तासाने रक्त घेतले, तर पेशींमधला युरिया रक्तात उतरून पातळी पुन्हा चढलेली असते, आणि आकडा नेहमीच्या पद्धतीपेक्षा कमी येतो. तोही मग मागील महिन्यांच्या आकड्यांशी ताडून पाहता येत नाही.

*पडताळणी:* शेवटचा नमुना घेताना रुग्णाने किंवा सोबतच्या माणसाने टेक्निशियनला एवढेच विचारावे: ‘पंप हळू केला का? सलाईन अजून सोडले नाही ना?’ यात आगाऊपणा काहीच नाही. नीट काम करणारा टेक्निशियन याचे लगेच उत्तर देतो.

टप्पा ४. आता आकडा काढा

सोपा आकडा यूआरआरचा, म्हणजे युरिया किती टक्क्यांनी घटला याचा. आधीच्या युरियातून नंतरचा वजा करावा, आधीच्या युरियाने भागावे आणि शंभराने गुणावे. १४० चा ४२ झाला, तर घट ७० टक्के आहे. आठवड्यातून तीनदा डायलिसिस घेणाऱ्यासाठी ६५ टक्के ही किमान पातळी मानली जाते, आणि तिच्यावर थोडी सवड असलेली बरी.

यूआरआरमध्ये काढलेल्या पाण्याबरोबर गेलेला युरिया धरला जात नाही. ‘केटी बाय व्ही’च्या सूत्रात युरियाचे गुणोत्तर, डायलिसिसचे तास, काढलेले पाणी आणि डायलिसिसनंतरचे वजन या चारही गोष्टी येतात. त्यात लॉगॅरिदम असल्याने हिशेब केंद्रातूनच करून घ्यावा, पण त्यात घातलेल्या चारही नोंदी आपल्या वहीशी ताडून पाहाव्यात. वरील ७० टक्क्यांच्या उदाहरणात तास चार, पाणी अडीच लिटर आणि वजन ६० किलो धरले, तर उत्तर १.४४ येते. ठरलेला वेळ चार तास होता म्हणून सूत्रात चार लिहिले, पण डायलिसिस साडेतीनच तास चालले, असे होऊ देऊ नये.

आठवड्यातून तीन डायलिसिसे असताना प्रत्येक वेळी १.४ हे लक्ष्य आणि १.२ ही किमान मर्यादा असते. केंद्र १.२ चेच लक्ष्य ठेवत असेल, तर जरा काही कमी-जास्त झाले की रुग्ण मर्यादेखाली जाणार. ही तपासणी दर महिन्याला व्हावी आणि एका आकड्यापेक्षा चार-सहा महिन्यांचा कल पाहावा.

काही यंत्रे रक्त न घेता पडद्यावरच हा आकडा दाखवतात. रोजच्या देखरेखीसाठी ती सोय चांगली आहे, परंतु यंत्राला शरीरातील पाण्याचे प्रमाण चुकीचे सांगितले असेल, तर आकडाही चुकतो. रक्ताच्या तपासणीला ती पर्याय नाही.

टप्पा ५. हा आकडा याच रुग्णाला लागू आहे का?

आठवड्यातून दोनदाच डायलिसिस घेणाऱ्यांनी १.२ किंवा १.४ ही मर्यादा स्वतःला लावू नये, कारण ती तीन वेळांसाठी आहे. डायलिसिस जसजसे पुढे जाते तसतसा रक्तातला युरिया कमी होत जातो आणि दर मिनिटाला निघणारा युरियाही घटतो. त्यामुळे दोन लांब डायलिसिसे तीनची जागा सहज भरून काढत नाहीत, आणि मधल्या मोठ्या खंडात पाणी व पोटॅशियम साचत राहते ते वेगळेच. वेगळ्या वेळापत्रकासाठी आठवड्याचा ‘स्टँडर्ड केटी बाय व्ही’ काढतात. त्याचे लक्ष्य २.३ आणि किमान मर्यादा २.१ आहे. सूत्र निराळे असल्याने हा आकडा प्रत्येक वेळच्या आकड्यांची बेरीज करून मिळत नाही.

दोन वेळांचे डायलिसिस पुरते ते मुख्यतः ज्यांची मूत्रपिंडे अजून थोडेफार काम करत आहेत त्यांना, आणि ते काम किती चालले आहे हे २४ तासांची लघवी गोळा करूनच कळते. नुसते ‘लघवी होते’ हे पुरेसे नाही, कारण पाणी बाहेर पडत असले तरी त्यातून युरिया किती जातो हे मोजावे लागते. ही शिल्लक शक्ती हळूहळू उतरत जाते, म्हणून दर दोन-तीन महिन्यांनी मोजणी पुन्हा करावी. सहा महिन्यांपूर्वीच्या लघवीच्या भरवशावर आज दोनदाच डायलिसिस घेत राहणे धोक्याचे आहे.

दुसरा फसवा प्रकार बारीक रुग्णांचा आहे. व्ही लहान असला की आकडा सहज मोठा येतो. रुग्ण जेवत नाही, वजन उतरत चालले आहे, आणि अहवालातला ‘केटी बाय व्ही’ मात्र दर महिन्याला सुधारतो आहे, असे दिसले तर आनंद मानू नये. माझ्या मते साऱ्या अहवालात यापेक्षा काळजीची खूण दुसरी नाही. डायलिसिसपूर्वीचा युरिया फारच कमी असणे हेही अनेकदा प्रथिने पोटात न गेल्याचे लक्षण असते. डायलिसिसवर असलेल्यांना साधारणपणे शरीराच्या दर किलोमागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिने लागतात.

टप्पा ६. आकडा कमी आला, तर शोध या क्रमाने घ्या

१. तपासणी पुन्हा करा. नमुना चुकला असण्याची शक्यता आधी दूर करावी.

२. वेळ पाहा. बहुतेक वेळा उत्तर येथेच सापडते, आणि वेळ वाढवणे हा सर्वांत खात्रीचा उपाय आहे. फॉस्फेटसारखे पदार्थ पेशींतून सावकाश बाहेर येतात, त्यामुळे वाढवलेल्या वेळाचा फायदा युरियाच्या पलीकडेही होतो.

३. रक्तप्रवाह पाहा. डॉक्टरांनी मिनिटाला ३०० मिलिलिटर लिहिले आणि प्रत्यक्षात २२० वर चालवले, असे होत आहे का? सुई किती जाडीची आहे? सुईचा क्रमांक लहान असतो तेवढी ती जाड असते, म्हणजे १५ क्रमांकाची सुई १७ पेक्षा जाड. बारीक सुईतून जोराने रक्त ओढले, तर पडद्यावर ३०० दिसले तरी प्रत्यक्ष प्रवाह कमी असतो.

४. डायलायझर पाहा. शेवटी रक्त परत केल्यावर डायलायझरचे तंतू पांढरट दिसायला हवेत. त्यात गडद लाल पट्टे उरले असतील, तर तेथे रक्त गोठले आहे आणि तेवढा भाग कामातून गेला आहे. डायलायझर धुऊन पुन्हा वापरला जात असेल, तर त्यातील तंतूंचे आकारमान मूळ मापाच्या ८० टक्क्यांखाली गेल्यावर तो टाकून दिला पाहिजे. प्रत्येक वापरापूर्वीची ही नोंद पाहायला मागावी.

५. फिस्टुला किंवा कॅथेटर तपासा. फिस्टुलावर बोटे ठेवल्यावर सतत थरथर जाणवली पाहिजे. ती मंद होऊन नाडीसारखा ठोका लागत असेल, सुई काढल्यावर रक्त थांबायला पूर्वीपेक्षा फार वेळ लागत असेल, हात सुजत असेल किंवा व्हीनस प्रेशर, म्हणजे रक्त शरीरात परत नेणाऱ्या नळीतील दाब, महिन्यागणिक चढत असेल, तर शीर कुठेतरी अरुंद झाली आहे का हे सोनोग्राफीने पाहावे लागते. दोन सुया फार जवळ टोचल्या किंवा नळ्या उलट जोडल्या गेल्या, तर साफ रक्तच पुन्हा यंत्रात येते. कॅथेटर नीट ओढत नाही म्हणून नळ्या उलट जोडणे ही त्या दिवसापुरती तडजोड असू शकते. तीच रोजची रीत झाली, तर कॅथेटर दुरुस्त करण्याची किंवा बदलण्याची वेळ आली आहे.

*सावधान:* फिस्टुलातील थरथर अचानक पूर्ण थांबली, तर पुढच्या डायलिसिसच्या दिवसाची वाट पाहू नये. त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे.

टप्पा ७. पाण्याचा हिशेब वेगळा करा

युरियाचा आकडा उत्तम आणि अंगात चार लिटर पाणी जास्त, असा रुग्ण सहज असू शकतो. ‘केटी बाय व्ही’ पाण्याविषयी काहीही सांगत नाही. पाण्याचे माप म्हणजे ड्राय वेट, अर्थात जास्तीचे पाणी निघून गेल्यावरचे वजन, आणि ते एकदा ठरले की कायम राहत नाही.

एक नेहमीचा प्रसंग पाहा. रुग्णाचे ड्राय वेट तीन महिने ५८ किलो लिहिले आहे आणि दर वेळी नंतरचे वजन बरोबर ५८ भरते. या काळात आजारपणामुळे त्याचे जेवण तुटले, कंबरेचा पट्टा दोन भोके आत गेला, पण संध्याकाळी मोजे काढले की घोट्यावर खोल वळ दिसतो आणि रात्री उशी उंच घ्यावी लागते. काट्याने काहीच बदल दाखवला नाही, कारण जितके मांस गेले तितके पाणी त्याच्या जागी आले. अशा वेळी ड्राय वेट खाली आणावे लागते. प्रकृती सुधारून अंगावर मांस चढले, तर तेच वर न्यावे लागते, नाहीतर प्रत्येक डायलिसिसच्या शेवटी रक्तदाब कोसळतो.

पाणी काढण्याचा वेगही पाहावा. तासाला दर किलोमागे १३ मिलिलिटरपेक्षा जास्त वेग टाळावा, असे साधारणपणे मानले जाते. ६० किलोच्या रुग्णाला चार तासांत हे सुमारे ३.१ लिटर होते. चार लिटर वाढवून आलेल्याकडून चार तासांत तेवढेच काढायला गेले, तर गोळे येणार, रक्तदाब उतरणार, मग डायलिसिस लवकर थांबवले जाणार आणि मिनिटेही बुडणार. अशा वेळी मीठ कमी करणे आणि वेळ वाढवणे हे दोनच खरे उपाय आहेत. मीठ कमी न करता नुसते ‘पाणी कमी प्या’ सांगून उपयोग होत नाही, कारण खारट खाल्ल्यावर तहान आवरत नाही.

टप्पा ८. इतर तपासण्या आणि रुग्णाची प्रकृती

पोटॅशियम, फॉस्फरस, बायकार्बोनेट, अल्ब्युमिन आणि हिमोग्लोबिन हे डायलिसिसपूर्वीच्या रक्तावरूनच पाहावेत. पाणी निघून गेल्यावर रक्त दाट होते आणि हिमोग्लोबिन उगाच चांगले दिसते.

त्यानंतर रुग्णाला विचारावे. तोंडाची चव कशी आहे, सकाळी मळमळते का, जेवण जाते का, अंगाला खाज किती आहे, रात्री पाय अस्वस्थ होतात का, डायलिसिसच्या दुसऱ्या दिवशी हिंडता-फिरता येते का? या प्रत्येक तक्रारीचे कारण अपुरे डायलिसिसच असते असे नाही. खाज फॉस्फरसमुळे असू शकते, थकवा हिमोग्लोबिनमुळे. परंतु आकडा चांगला असूनही तक्रारी वाढत असतील, तर आकड्याने रुग्णाला गप्प करू नये, आधी टप्पा ३ पुन्हा तपासावा.

टप्पा ९. पोटाचे डायलिसिस असेल, तर

या प्रकारात पोटात द्रावण सोडून पोटाच्या आतल्या पडद्यातून रक्त साफ केले जाते. येथे आठवड्याचा एकूण ‘केटी बाय व्ही’ पाहतात, आणि त्यात लघवीतून गेलेला युरियाही धरला जातो. १.७ ही नेहमी वापरली जाणारी किमान पातळी आहे. त्यासाठी २४ तासांत बाहेर काढलेले सगळे द्रावण आणि सगळी लघवी लागते. एखादी पिशवी ओतून दिली गेली, लघवीचा एक वेळ राहिला किंवा २४ ऐवजी २० तासच गोळा झाले, तर आकडा निरुपयोगी ठरतो. अशी चूक झाली तर ती लपवू नये, दुसऱ्या दिवसापासून पुन्हा सुरुवात करावी. पोटात जंतुसंसर्ग झालेला असेल, तर पोटाच्या पडद्याची चाचणी तो बरा झाल्यावर साधारण महिन्याने करतात.

टप्पा १०. डॉक्टरांकडे जाताना

वहीची शेवटची तीन महिन्यांची पाने आणि युरियाचे दोन्ही आकडे दिसतील असे अहवाल सोबत न्यावेत. नुसता निघालेला ‘केटी बाय व्ही’ पुरेसा नाही. विचारायचे प्रश्न आधी लिहून काढावेत: माझा ठरलेला वेळ आणि रक्तप्रवाह किती, प्रत्यक्षात किती मिळतो आहे, ड्राय वेट शेवटचे कधी तपासले, लघवीची मोजणी कधी करायची, आणि आकडा लक्ष्यापेक्षा कमी असेल तर या महिन्यात नेमके काय बदलायचे. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर वहीत तारखेसह लिहावे, म्हणजे पुढच्या महिन्यात तो बदल झाला की नाही हे त्याच पानावर तपासता येईल.

काही लक्षणे मात्र वहीत लिहून भेटीच्या तारखेपर्यंत ठेवण्यासारखी नसतात. आडवे पडल्यावर श्वास न पुरणे, छातीत दुखणे, हातापायांतले बळ एकदम जाणे, नाडी फार मंद किंवा अनियमित होणे, शुद्ध हरपत जाणे, यांपैकी काहीही झाले तर पाणी किंवा पोटॅशियम जिवावर बेतण्याइतके वाढलेले असू शकते. अशा वेळी डायलिसिसची पाळी उद्या असली तरी त्याच क्षणी रुग्णालय गाठावे, आणि तेथे पोहोचताच रुग्ण डायलिसिसवर आहे व शेवटचे डायलिसिस कोणत्या दिवशी झाले हे सर्वांत आधी सांगावे.